थरांचा हिशेब : पांढरकवड्याच्या रस्त्यावरील वाहनांच्या रंगाचा इतिहास

केळापूर तालुक्याचे मुख्य ठाणे असलेले पांढरकवडा हे गाव नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर वसलेले आहे आणि त्याचा इतिहास बव्हंशी या वाटेचाच इतिहास आहे. एप्रिल १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पळत्या फौजेला कर्नल अ‍ॅडम्सने गाठून पराभूत केले ते याच परिसरात. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०५ च्या फेररचनेत यवतमाळ जिल्हा आकाराला आला, पण आगगाडी काही पांढरकवडा गावापर्यंत पोचली नाही. त्यामुळे येथला कापूस, धान्य आणि माणसे यांची ने-आण पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यानेच होत राहिली. वाराणसी ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ७ गावावरून जात असे आणि २०१० च्या नव्या क्रमांकनात तो श्रीनगर ते कन्याकुमारी या महामार्ग ४४ चा भाग झाला. अशा गावात वाहनाच्या पृष्ठभागाची निगा हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. गाडीचा रंग घासून सुधारण्याचा आणि त्यावर संरक्षक लेप देऊन तो टिकवण्याचा ‘डिटेलिंग’ नावाचा जो व्यवसाय आज जिल्ह्याच्या गावांपासून तालुक्यांपर्यंत उतरू लागला आहे, तो वरवर नवा दिसत असला तरी त्यामागे सुमारे शंभर वर्षांची एक घडामोड आहे. पूर्वी जाड आणि पुन्हापुन्हा देता येणारा रंग हळूहळू पातळ होत गेला आणि कारखान्याबाहेर तसाच्या तसा पुन्हा देता न येणारा झाला, ही ती घडामोड होय.

मोटारीपूर्वी या भागात माल वाहणारी बंडी आणि माणसे वाहणारी रेंगी ही दोन्ही वाहने मुख्यतः जंगलातल्या लाकडाची असत, आणि सागवानाला स्वतःचेच तेल असल्याने त्याला रंगाची फारशी गरज भासत नसे. निगा घेतली जाई ती चाकाच्या आसाची, वंगण घालून. रंग चढे तो पोळ्याला, आणि तोही बंडीपेक्षा बैलांच्या शिंगांना. मात्र ज्या पदार्थांतून पुढे जगभरच्या वाहनांचा रंग तयार झाला त्यांतील दोन पदार्थ या मातीत पिकत होते, ही गोष्ट रंगाच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते. त्यांपैकी पहिला पदार्थ जवस. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून चिवट पापुद्रा तयार होतो. ते सुकते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही, तर जागच्या जागी घट्ट होते. या गुणामुळे युरोपातील घोडागाड्यांचे रंग आणि रोगण जवसाच्या तेलावर उभे होते, आणि एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड-नागपूर भागातील जवस मुंबई बंदरातून तिकडे जात असे. या पद्धतीचा दोष एकच होता, पण मोठा होता: प्रत्येक हात सुकायला दिवस लागत, दोन हातांच्या मध्ये घासकाम करावे लागे आणि एक गाडी रंगवून बाहेर पडायला काही आठवडे जात. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळत; डांबरी द्रव्य आणि जवसाचे तेल यांपासून केलेले, भट्टीत भाजून वाळवलेले ते काळे रोगण स्वस्त आणि टिकाऊ होते, हे त्यामागचे मुख्य कारण.

दुसरा पदार्थ कापूस. सरकी वेगळी केल्यावर तिच्यावर जी आखूड लव उरते ती सुतासाठी निरुपयोगी असली तरी जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते आणि तिच्यावर नत्राम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले तेव्हा त्याचा उपयोग स्फोटकासाठी झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीकडे स्फोटकांचे कारखाने होते पण युद्ध नव्हते. तेथील रसायनशास्त्रज्ञांनी या द्रव्याचा पातळ, फवारता येणारा प्रकार शोधला. ‘ड्यूको’ या नावाने तो १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात आला आणि आठवड्यांचे काम दिवसांवर, पुढे तासांवर आले. विदर्भाच्या कापसाचा भाव ज्या बाजारांत ठरत होता, त्याच जगात कापसाची लव गाड्यांच्या अंगावर चढू लागली होती. आपल्याकडे आजही सुताराच्या तोंडी ‘ड्यूको मारणे’ हा वाक्प्रयोग टिकून आहे.

डिटेलिंगच्या दृष्टीने ड्यूकोचे महत्त्व वेगळेच आहे. फवारल्यावर हा रंग मंद दिसे. त्याला चकाकी यायची ती घासल्याने. म्हणजे बारीक भुकटीच्या लेपाने पृष्ठभागावरचा उंचसखलपणा कापून काढणे, मग त्याहून बारीक लेपाने त्या कापण्याच्या खुणा काढणे आणि शेवटी मेण देणे, हा क्रम रंगकामाचाच भाग होता. ती दुरुस्ती मानली जात नसे. मेणाचा व्यापारही याच सुमारास वाढला. ‘सिमोनाइझ’चा पाया १९१० मधला आहे, तर शिकागोतील ‘टर्टल वॅक्स’ १९४० च्या दशकातले. दोघांच्याही काळात उत्तम मेण म्हणून ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण नावाजले जाई. रंग जाड होता, तो उन्हाने पिठूळ पडे, वर्षाला एकदा घासून खालचा ताजा थर वर आणला की गाडी पुन्हा नवी दिसे, आणि थर संपला की गाडी नव्याने रंगवली जाई. हे सारे त्या व्यवस्थेत गृहीत होते.

महाराष्ट्रात हे ज्ञान आले ते मुंबईच्या वाटेने. लोअर परळमध्ये १९२० साली सुरू झालेल्या गहागन पेंट्सचा पुढे गुडलास नेरोलॅक झाला आणि वाहनांच्या रंगात त्याने मोठे नाव मिळवले. १९४२ मध्ये गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्सची सुरुवात झाली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या. फियाट, अ‍ॅम्बॅसडर आणि जीप यांच्या त्या काळात गाडी घेणारा माणूस ती पंधरा-वीस वर्षे वापरण्याच्या बेतानेच घेई, आणि म्हणून महामार्गालगतच्या प्रत्येक गावात डेंटिंग-पेंटिंगचे दुकान ही गरजेची संस्था बनली. तेथल्या कामाचा क्रम आजही फारसा बदललेला नाही: पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, उरलेल्या खड्ड्यात लांबी भरायची, ती पाणी मारत वॉटर पेपरने तळहाताला सपाटी कळेपर्यंत घासायची, प्रायमरचा हात द्यायचा आणि मग फवारा. त्यानंतरच्या ‘रबिंग’मध्ये फवाऱ्याच्या वेळी बसलेली धूळ आणि संत्र्याच्या सालीसारखा आलेला खडबडीतपणा काढला जातो. या कारागिरांच्या हातातले ज्ञान पुस्तकात कधी आले नाही, आणि आजचे डिटेलिंग त्यांना तुच्छ लेखते तेव्हा ते आपल्याच पूर्वजांना नाकारत असते.

कायद्यानेही या रस्त्याला एक रंग दिला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार राष्ट्रीय परवान्यावर धावणाऱ्या मालट्रकला वाळलेल्या पानाचा तपकिरी रंग आणि त्याला ३० सेंटिमीटर रुंदीची पांढरी किनार सांगितली गेली.

प्रवासी गाड्यांचे चित्र मात्र मारुती ८०० च्या १९८३ मधील आगमनानंतर आणि विशेषतः १९९१ च्या आर्थिक बदलांनंतर पालटले. नव्या कारखान्यांत पत्र्याचा सांगाडा विजेचा प्रवाह सोडलेल्या रंगद्रव्यात बुडवून काढला जातो, त्यावर प्रायमर, त्यावर केवळ रंग देणारा पातळ ‘बेस कोट’ आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक ‘क्लिअर कोट’ येतो. या चारही थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमीच. गाडीची सारी चमक आणि उन्हातील अतिनील किरणांपासूनचा बहुतेक बचाव या एकाच थरात साठवलेला असतो. जुन्या रंगात घासल्यावर खालून रंगच निघत असे. नव्या व्यवस्थेत क्लिअर कोट घासून संपला की त्याखाली उघडा पडतो तो ऊन सोसू न शकणारा बेस कोट, आणि मग छतावर व बोनेटवर पांढरट चट्टे पडून पापुद्रे सुटू लागतात. जुने हात आणि जुनी सवय तशीच राहिली, थर मात्र बदलला. वॉशिंग सेंटरवर दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग मारून’ घेतलेल्या कित्येक गाड्यांची दुर्दशा यातूनच झालेली आहे.

पांढरकवड्याच्या परिसरात या पातळ थराला सोसावे लागते ते बरेच आहे. काळ्या मातीची मुख्य घटकद्रव्ये मऊ चिकणमातीची असली तरी तिच्यात चुनखडीचे बारीक खडे आणि गारगोटीचे कण असतात. चिखल सुकून आकसतो तेव्हा तो या कणांसह रंगाला घट्ट धरून बसतो. पूर्वेकडे वणी भागात कोळशाच्या खाणी आणि राजूरच्या चुनाभट्ट्या आहेत, आणि चुन्याची धूळ ओलाव्यात आम्लारी होऊन क्लिअर कोटला खाते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा गडद रंगाच्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि अशा पत्र्यावर बोअरचे क्षाराचे पाणी मारले की थेंब पुसण्याआधीच सुकून पांढरी कडी मागे ठेवतात. त्यातच दसऱ्याला नव्या गाडीच्या बोनेटवर काढलेले कुंकवाचे स्वस्तिक दोन-तीन दिवस तसेच राहते आणि नव्या रंगावरचा पहिला डाग बहुधा श्रद्धेचाच असतो.

तरी सर्वांत मोठे नुकसान करतो तो रोज सकाळचा कोरडा फडका. धुळीचे कठीण कण फडक्याखाली सापडून क्लिअर कोटवर उथळ, केसासारख्या रेषा ओढतात. भर उन्हात काळ्या गाडीच्या बोनेटकडे पाहिले तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात आणि पाहणारा सरकला की तीही सरकतात, कारण रेषा प्रत्यक्षात वर्तुळाकार नसतात. त्या सर्व दिशांना गेलेल्या असतात. त्यांपैकी ज्यांच्या कडा प्रकाश डोळ्याकडे परतवतात तेवढ्याच दिसतात आणि त्या प्रकाशबिंदूभोवती गोलाकार मांडल्यासारख्या भासतात. पांढऱ्या रंगावर हे जाळे जवळजवळ दिसत नाही, आणि विदर्भात पांढऱ्या गाडीला असलेल्या पसंतीचे उन्हाइतकेच हेही एक कारण असावे.

रंग सुधारणे म्हणजे या रेषा भरणे नव्हे, तर त्यांच्या तळाच्या जवळपास येईपर्यंत भोवतालचा क्लिअर कोट खाली आणणे. त्यामुळे जाणता कारागीर आधी मोजमाप घेतो. जाडी मोजणारे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवले की सर्व थरांची एकत्रित जाडी सांगते. १२० मायक्रॉनच्या गाडीत एखादा दरवाजा ३०० दाखवू लागला तर तो पुन्हा रंगवलेला आहे आणि आकडा हजाराच्या पुढे गेला तर खाली लांबी आहे, हे जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकालाही आता कळू लागले आहे. मग गाडी भरपूर पाण्याने धुऊन, रुतलेले कण चिकणमातीसारख्या गोळ्याने उचलून, एका लहान चौकोनावर चाचणी घेतली जाते आणि सर्वांत सौम्य लेपाने काम भागते का ते पाहिले जाते. नीट केलेल्या कामात दोन ते पाच मायक्रॉन जातात. म्हणजे हे काम गाडीच्या आयुष्यात मोजक्याच वेळा करता येते. जुने यंत्र एकाच अक्षावर गरगर फिरते, झटपट कापते आणि कडांवर रंग जाळूही शकते. फिरता-फिरता डुलणारे नवे यंत्र सावकाश पण कमी उष्णतेने काम करते. यातली लबाडीही जुनीच आहे: लेपातील तेल आणि सिलिकॉन रेषांत भरले की गाडी दुकानातून आरशासारखी निघते आणि दोन-तीन धुण्यांत जाळे परत वर येते. म्हणून प्रामाणिक कारागीर काम संपल्यावर अल्कोहोलयुक्त द्रावणाने पृष्ठभाग पुसून मगच तो गिऱ्हाइकाला दाखवतो.

संरक्षणाच्या लेपांचा इतिहास मात्र रसायनाइतकाच जाहिरातीचा आहे. कार्नोबा मेण सुमारे ८५ अंशांना वितळते, त्यामुळे वैदर्भीय उन्हाळ्यात त्याचे आयुष्य आठवड्यांत मोजावे लागते. त्यानंतर गाजलेले ‘टेफ्लॉन कोटिंग’ हे नाव तर बरेचसे पोकळ होते; १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना सापडलेले हे द्रव्य एखाद्या पृष्ठभागाला पक्के बसवायचे तर ३०० अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि एवढ्या उष्णतेत गाडीचा रंगच उरणार नाही. आजचे सिरॅमिक कोटिंग त्या मानाने खरे आहे. सिलिकॉनयुक्त द्रव हवेतील ओलाव्याने घट्ट होऊन एक-दोन मायक्रॉनचा काचेसारखा थर बनतो, पाणी आणि धूळ चिकटू देत नाही, रसायनांचा मारा सोसतो. मात्र त्याच्या जाहिरातीतील ‘९एच’ ही कठीणता हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीवरची नसून शिसपेन्सिलींच्या मोजपट्टीवरची आहे, हे सहसा सांगितले जात नाही. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या गिट्टीपुढे तो थर काहीच करू शकत नाही. त्यासाठी १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लागते. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळूपासून वाचवण्यासाठी तिच्या पूर्वरूपाचा वापर झाला, नंतर ती शर्यतीच्या आणि शेवटी घरगुती गाड्यांवर आली. क्लिअर कोटच्या तिप्पट-चौपट जाडीचा हा थर खराब झाला की सोलून काढता आणि नवा लावता येतो, म्हणजे जुन्या रंगात जे काम वरचा थर करत असे ते आता बाहेरून चिकटवलेल्या थराकडे सोपवले गेले आहे.

या महामार्गावरची बहुसंख्य वाहने या व्यवस्थेच्या बाहेरच आहेत. मालट्रकला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘पासिंग’ जवळ आले की मालक लाकडी-पत्र्याच्या बॉडीला एनॅमलचा नवा हात देतो, पेंटर नावे, परवान्याची अक्षरे आणि मागच्या फाळक्यावरची ओळ पुन्हा लिहितो, आणि खाली आधीच्या पासिंगचे रंग तसेच राहतात. एखाद्या जुन्या ट्रकच्या फाळक्यावर जाडीचे यंत्र टेकवायला अर्थ नाही, कारण ते लाकडावरचा रंग मोजत नाही. पण जिथे पत्रा आहे तिथे आकडा नव्या कारच्या कितीतरी पट निघेल, आणि त्या जाडीतला जवळजवळ सगळा थर पुन्हा देता येणारा असेल.