आंधळ्या दुकानदारीणबाईचा गेम

'अवतार' शब्द आपण कीर्तनात ऐकतो, नाहीतर आईच्या तोंडून: "काय अवतार करून आलायस!" हाच शब्द १९८५ साली एका अमेरिकन कॉम्प्युटर गेमच्या नावात आला. तो आणणारा रिचर्ड गॅरियट ही आजची गोष्ट.

रिचर्डचा जन्म १९६१ चा. वडील ओवेन नासाचे अंतराळवीर, १९७३ मध्ये स्कायलॅबवर ५९ दिवस राहिलेले. पोरालाही अंतराळात जायचं होतं, पण नासाच्या डॉक्टरनं सांगितलं, तुझी नजर कमी, तुला जमणार नाही.

शाळेत एक टेलिटाइप होतं. पडदा नाही, सगळं कागदावर छापून येणार. त्यावर तो राक्षस आणि भुयारांचे गेम लिहायचा. नावं काय, तर डी अँड डी एक, दोन, तीन... असे अठ्ठावीसपर्यंत! त्यातूनच ॲपल टूवरचा 'अकालाबेथ' झाला. उन्हाळ्यात तो कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता, तिथं त्यानं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकायला ठेवला. पुढे १९८१ मध्ये 'अल्टिमा' आला.

१९८३ मध्ये भावासोबत स्वतःची कंपनी काढली आणि लोकांची पत्रं थेट त्याच्या हातात यायला लागली. खेळणारे काय करत होते? गावकऱ्यांना लुटायचे, मारायचे, कारण त्यानं ताकद लवकर वाढायची. काही पालकांनी तर त्यालाच सैतान ठरवलं.

उत्तर म्हणून आला 'अल्टिमा फोर'. यात शेवटी मारायला कुणी खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, नम्रता असे आठ गुण अंगी आणले की तुम्ही 'अवतार'. जादूचं सामान विकणारी बाई आंधळी. पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. कमी दिले तरी ती काही बोलत नाही, चुकीचा आवाजही येत नाही. पण आत कुठंतरी तुमचं खातं घटत असतं, आणि पुढं कधीतरी वाट अडते.

आणि अंतराळाचं काय? २००८ मध्ये, स्वतःच्या पैशानं, सोयूझ यानातून गडी गेलाच! पैसे गेममधूनच मिळवलेले.

तर मंडळी, कुणी बघत नसताना तुम्ही त्या बाईला किती नाणी दिली असती? खरं खरं कळवा. भेटू पुढच्या भागात.