'अफू घेता का?' एवढं विचारून भागत नाही

मंडळी, आजची पोस्ट जरा मोठी आहे, पण विषय घराघरातला आहे. सतत दुखणारं अंग, त्यावरच्या अफूच्या जातीतल्या गोळ्या (ट्रामाडॉल, मॉर्फिन वगैरे) आणि त्यांची सवय कुणाला लागलीय हे ओळखायची प्रश्नावली. ही प्रश्नावली कोणाच्या भाषेत असावी, याचं उत्तर मला आपल्या इतिहासात सापडतं.

१८९३ साली इंग्रज सरकारने लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफू आयोग नेमला. सातशेहून अधिक साक्षी झाल्या. साक्षीदारांत अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, व्यापारी यांचाच भरणा. १८९५ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की इथले लोक अफू बेताने घेतात, बंदीची गरज नाही. अफूवर सरकारला महसूल किती मिळायचा, हे ध्यानात घ्या म्हणजे झालं.

मग १९२० च्या दशकातली मुंबई. गिरणीत बाया दिवसाचे दहा-अकरा तास राबायच्या. तान्हं मूल झोपून राहावं म्हणून त्याला 'बाळगोळी' द्यायची. (वेखंड, हळकुंड, मुरडशेंग उगाळून देतात ती बाळगुटी वेगळी हं!) या गोळीत अफू असायची. डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या जवळपास सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू मिळत असल्याचं पुढे आलं.

आता सांगा, त्या आईला कुणी 'मुलाला अफूचं व्यसन लावलंस का?' असं विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती? 'नाही' म्हणाली असती, आणि ते तिच्या दृष्टीने खरंच होतं. ती देत होती ती बाळगोळी. आणि देत होती कारण पाळण्यापाशी बसायला घरात कुणी नव्हतं.

पुढे काटा एकदम दुसऱ्या टोकाला गेला. १९८५ चा एनडीपीएस कायदा इतका कडक, की दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच घाबरू लागले. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली अख्ख्या देशात जेमतेम १८ किलो. कॅन्सरचे पेशंट कळा सोसत गेले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल केले, पण डॉक्टरांच्या आणि नातेवाइकांच्या मनातली भीती काही कायद्याने जात नाही.

दुसरीकडे, एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार हेरॉइन, अफू किंवा वेदनाशामक ओपिऑइड यांपैकी काहीतरी घेणारे लोक सुमारे २.२६ कोटी. म्हणजे एकाला हवं ते औषध मिळत नाही, आणि दुसरा त्याच औषधात अडकलाय. दोघांना वेगळं ओळखणं, हेच तर प्रश्नावलीचं काम.

जागतिक आरोग्य संघटनेची 'असिस्ट' नावाची प्रश्नावली आहे. तिच्या चाचण्या भारतातही झाल्या. पदार्थांची स्थानिक नावं घालून प्रश्न विचारा, असं तीच सांगते. पण नुसती नावं बदलून भागणार नाही. 'ड्रग्ज' म्हटलं की आपला माणूस कानावर हात ठेवतो. तोच माणूस 'झोप यायला, काम उरकायला गोळी लागते का? एकीने भागत नाही म्हणून दुसरी घेता का?' म्हटलं की मोकळा होतो. सुनेला सासूसमोर विचारलं तर उत्तर सासूसाठी दिलं जातं. एकटीला विचारा.

दुखण्याचंही तेच. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या प्रश्नावलीत ७८ इंग्रजी शब्द गोळा केले. आपल्याकडे काय कमी आहेत? ठणका, कळ, चमक, उसण, ठसठस, आग, मुंग्या. 'एक ते दहामध्ये किती दुखतं?' याला आजी 'लई' म्हणते, तेव्हा तिचं चुकत नाही. 'खाली बसता येतं का? रात्री कूस बदलता येते का?' असं विचारा, ती नेमकं सांगेल.

चुकीच्या प्रश्नाने दोन्हीकडून नुकसान होतं. सवय लागलेला सुटून जातो, आणि खरोखर कळा सोसणाऱ्यावर व्यसनी म्हणून शिक्का बसतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच : सरकारी फॉर्म मराठीत छापण्याआधी तो आशाताईंना वाचायला द्या, शेतमजूर बायांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. जिथे त्या अडतील, तो प्रश्न बदला.

तुमच्या भागात दुखण्याला कोणकोणते शब्द आहेत? जरूर लिहा. यादी करू या.