महाडचे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस



इतिहासाच्या पुस्तकांत राजे, सेनापती आणि देशाचे पुढारी यांची चरित्रे आपण वाचतो. लहान गावच्या नगराध्यक्षाला तेथे सहसा जागा मिळत नाही. नळपाणी, दिवाबत्ती, गटारे यांपलीकडे त्याच्या हातून काय होणार, असे आपण समजतो. म्हणून महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस यांची ओळख आपणांस करून द्यावीशी वाटते. लोक त्यांना सुरबानाना म्हणत.

सावित्री नदीकाठचे महाड त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते. गावाच्या मध्यभागी चवदार तळे. त्या तळ्यावर सवर्ण हिंदू पाणी भरत, आपले मुसलमान बांधवही भरत; मनाई होती ती फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसांना. आपल्या वाडवडिलांच्या घागरी जेथे बिनदिक्कत भरल्या जात होत्या, तेथे शेजारच्या माणसाला ओंजळभर पाणी मिळत नव्हते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. असे ठराव दप्तरात पडून राहण्याचीच भीती अधिक. परंतु टिपणीसांच्या कारकीर्दीत महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले असल्याचे जाहीर केले. टिपणीस स्वतः चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाचे, म्हणजे सवर्ण. या निर्णयात त्यांचा स्वतःचा कोणताच लाभ नव्हता. आप्तेष्टांचा आणि मतदारांचा रोष मात्र नक्की होता.

तरीही तीन वर्षे तळ्यावर कोणी अस्पृश्य गेला नाही, कारण सवर्णांची दहशत कायम होती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि टिपणीस हे तिच्या पाठीराख्यांपैकी. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, यावरून त्या वेळच्या स्थितीची कल्पना यावी. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह शांतपणे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा पसरली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. त्या प्रसंगी कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. समाजाच्या इतिहासात ही नोंद आपण अभिमानाने जपावी.

मित्रहो, चांगले काम सरळ रेषेत पुढे जात नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला. डिसेंबरात काही सवर्णांनी न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळविली. त्यामुळे २५ डिसेंबरपासून भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाणे स्थगित ठेवावे लागले. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे त्यांना सिद्ध करता आले नव्हते.

एवढा विरोध होऊनही टिपणीस मागे फिरले नाहीत. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ मध्ये ते कुलाबा जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी या पक्षाने खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातील कुळांना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, खोताचा जाच माहीत होता. 'दलितमित्र' म्हणून लोकांनी टिपणीसांचा गौरव केला.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्या मुलांपैकी कोणी उद्या नगरसेवक होईल, कोणी शाळेच्या समितीवर बसेल, कोणी कचेरीत कारकून होईल. खुर्ची लहान असली तरी तिच्यावरून कोणाचे तरी दार उघडता येते, हे त्यांना घरीच सांगा. आणि ठराव झाला म्हणजे काम संपले असे मानू नका. ठरावानंतर तळ्यापर्यंत जाण्यास तीन वर्षे लागली आणि त्यानंतर तो हक्क न्यायालयात टिकविण्यास आणखी दहा. शिक्षण घ्यायचे ते एवढा धीर अंगी यावा म्हणून, आणि आपल्याला मिळालेले पाणी शेजाऱ्यालाही मिळते की नाही, हे पाहण्याची नजर यावी म्हणून.