दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सुलभ वर्ग : सवलत नव्हे, हक्क

नृसिंहवाडी आणि शिरोळ तालुक्यातील इतर गावांतली मुले-मुली कॉलेजसाठी कुरुंदवाड, जयसिंगपूर किंवा कोल्हापूरला जातात. दिव्यांग विद्यार्थ्याला पहिला अडथळा एसटीच्या पायरीचा. तो ओलांडून कॉलेजात पोहोचल्यावर वर्ग वरच्या मजल्यावर भरत असेल, तर त्याचा प्रवेश कागदावरच राहतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. कलम १६ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेने इमारत व परिसर सुलभ करायचा असून प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार सोय द्यायची आहे. कलम ३२ नुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. या आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. वर्गातील सोयीसाठी मात्र ही अट नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारालाही लेखनिक मिळू शकतो, असा निकाल दिला. अनेकांना ही बाब माहीत नसते.

सोयी कोणत्या?

• चाकाची खुर्ची वापरणाऱ्यासाठी वर्ग तळमजल्यावर घेणे. एक फूट उंचीसाठी रॅम्प किमान १२ फूट लांब हवा, नाहीतर खुर्ची चढत नाही.
• अंध विद्यार्थ्यासाठी फळ्यावरचे मोठ्याने वाचणे व नोट्स टाईप करून आधी देणे. त्या मोबाईलवर ऐकता येतात.
• कर्णबधिर विद्यार्थ्याला पुढचा बाक देणे, त्याच्याकडे तोंड करून बोलणे, सूचना लेखी देणे. सांकेतिक भाषा वापरणाऱ्यास दुभाषी लागतो.
• परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला लेखनिक व तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ.

यातील बऱ्याच गोष्टींना निधी लागत नाही. वर्गाची खोली बदलायला वेळापत्रकात एक दुरुस्ती पुरते.

कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्या स्वतः चाकाची खुर्ची वापरतात. म्हणजे हा प्रश्न जिल्ह्याला नवा नाही.

पालकांना आमचे सांगणे एवढेच : प्रवेश घेतानाच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, कोणती सोय हवी ते स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. दाद न मिळाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. संविधानाच्या अनुच्छेद ४१ ने शिक्षण आणि दिव्यांगत्वातील साहाय्य या दोन्हींची दखल घेतली आहे. तेव्हा हात जोडून विनवणी करू नका, हक्काने मागा.