भेसळ आणि मिश्रण : मुंबईच्या डिझेलची एक बाजू

१५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झकडे धावलेली ४१५ क्रमांकाची बस ही बेस्टची शेवटची डिझेलवरची डबलडेकर. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली होती. निरोपाच्या वेळी बसमागच्या काळ्या धुराची आठवण कोण काढणार? हा धागा मात्र त्या धुराविषयी आहे, आणि तो कमी करण्याच्या किंवा चार पैसे वाचवण्याच्या नावाखाली डिझेलमध्ये जे जे मिसळले गेले त्याविषयी.

मिसळण्याची कल्पना इंजिनाइतकीच जुनी आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीचे एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. वसाहतींत भुईमूग मुबलक, तेव्हा तिथे इंधन तिथेच पिकवता येईल, असा फ्रेंच सरकारचा हिशेब होता. स्वतः रुडॉल्फ डिझेलने १९१२ साली या प्रयोगाची नोंद केली आहे. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि शेंगदाणा चटणीपुरता उरला.

वनस्पतिज तेलापासून केलेल्या जैवडिझेलची खुबी रसायनात आहे. त्याच्या रेणूत प्राणवायू असतो, म्हणून ज्वलन अधिक पूर्ण होते. गंधक जवळजवळ नसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली केलेल्या पाहणीत २० टक्के मिश्रणाने सूक्ष्म कण सुमारे १० टक्क्यांनी आणि न जळलेले हायड्रोकार्बन सुमारे २१ टक्क्यांनी घटलेले दिसले. नायट्रोजन ऑक्साइड मात्र सुमारे २ टक्क्यांनी वाढले. फायदा खरा, पण चमत्कार नव्हे.

मुंबईच्या रस्त्यांवर मात्र या मिश्रणाच्या कितीतरी आधी दुसरेच मिश्रण पोहोचले होते : रॉकेलचे. शिधापत्रिकेवरचे रॉकेल अनुदानामुळे डिझेलपेक्षा बरेच स्वस्त. गरिबाच्या स्टोव्हसाठी ठेवलेली ही स्वस्ताई टँकरवाल्यांच्या आणि पंपवाल्यांच्या पथ्यावर पडली. ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिला गेला, तरी भेसळ थांबली नाही.

धूर असह्य झाला तेव्हा नागरिक न्यायालयात गेले. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ची याचिका १९९९ सालची. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा आदेश दिला. त्यातून पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी-रिक्षांना सीएनजीकडे वळावे लागले. वायू पुरवायला १९९५ साली स्थापन झालेली महानगर गॅस होतीच. टॅक्सी सगळ्या डिझेलच्या नव्हत्या. पण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या कित्येक पद्मिनींमध्ये मालकांनी खर्च वाचावा म्हणून मागाहून डिझेल इंजिने बसवून घेतली होती. रिक्षा तर फक्त उपनगरांतच, वांद्रे आणि शीवच्या पलीकडे. म्हणून अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत सीएनजी पंपांपुढच्या रिक्षांच्या लांबलचक रांगा हे या बदलाचे सर्वांत ठळक दृश्य ठरले.

दुसरा बदल डोळ्यांना दिसला नाही, आणि माझ्या मते तोच मोठा. मुंबईच्या डिझेलमधले गंधक टप्प्याटप्प्याने काढले गेले. १९९६ पूर्वी दशलक्ष भागांत १०,००० भागांपर्यंत गंधक चालत असे. २००१ मध्ये ही मर्यादा ५०० वर, २००५ मध्ये ३५० वर, २०१० मध्ये ५० वर आली. एप्रिल २०२० पासून ती देशभर १० आहे. गंधक जळून सल्फेटचे बारीक कण तर होतातच, शिवाय धुराड्यात बसवलेली शुद्धीकरणाची यंत्रणाही त्याने निकामी होते. आता रॉकेलचे प्रमाण पाहा : त्यात २,५०० भागांपर्यंत गंधक मान्य होते. शुद्धीकरण कारखान्याने कोट्यवधी रुपये खर्चून जे काढायचे, ते भेसळखोराने कॅन ओतून परत घालायचे!

या भेसळीची किंमत एका अधिकाऱ्याने प्राणांनी मोजली. घाटकोपरच्या दक्षिणेला, चेंबूरलगत माहुल आहे. तिथल्या शुद्धीकरण कारखान्यातून इंधन नळवाहिनीने थेट मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत जाते आणि तेथील डेपोंतून टँकरने पुढे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पानेवाडीजवळ टँकरमधून रॉकेल चोरले जाताना दिसले. ते थांबले, चौकशी करू लागले. त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. पुढे घरोघरी गॅस पोहोचला, रॉकेलचे अनुदान आटत गेले आणि या धंद्याचा पायाच खचला.

आणि प्रामाणिक मिश्रणाचे काय झाले? ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के जैवडिझेलवर धावली. मग मोगली एरंडाची लाट आली. बांधावर कुंपण म्हणून लावले जाणारे, गुरेही तोंड न लावणारे हे झुडूप पडीक जमिनीतून तेल देईल, असे शेतकऱ्यांना सांगितले गेले. २०११-१२ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. पण पाणी-खत न देता झुडूप जगते, भरघोस बी देत नाही, हा साधा शेतकी व्यवहार नियोजनातून सुटला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने लक्ष्य खाली आणले : २०३० पर्यंत ५ टक्के.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वापरलेले खाद्यतेल गोळा करून त्याचे जैवडिझेल करण्याची योजना सुरू केली. तळणाच्या तेलातील घातक ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल स्वयंपाकातून बाद, असा नियम आहे. वडे, भजी आणि फरसाणावर जगणाऱ्या या उपनगरांत अशा तेलाला तोटा नाही. अडचण एवढीच, की मोठ्या कढईतून निघालेले काळे तेल कमी भावात विकत घ्यायला छोटा गाडीवालाही तयार असतो, आणि मग ते इंजिनात न जाता पुन्हा वड्याच्या घाण्यात जाते.