दुसऱ्याच्या हक्कावर माझं मत

नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक झाली आणि चार दिवसांनी चिपळूणहून थोरल्या भावाचा फोन आला. ट्रम्प आणि हॅरिस यांच्यावर पाच मिनिटं बोलून झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. "तिसऱ्या प्रस्तावावर तू 'हो' म्हणालास असं ऐकलं. खरं का?"

"खरं आहे, भाईजान."

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहून पाठव. फोनवर मला पटणार नाही."

त्यांना लिहायला बसलो आणि लक्षात आलं की आधी सगळा इतिहासच सांगावा लागेल. म्हणून हा लेख.

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे आमदार, खासदार निवडण्यापुरतंच मत नसतं. काही कायद्यांवर मतदारालाच थेट 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं असतं. मतपत्रिका टपालाने घरी येते. सोबत एक जाड माहितीपुस्तिका येते, तिच्यात प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूचं आणि विरोधातलं म्हणणं छापलेलं असतं. या वेळी राज्याचे दहा प्रस्ताव होते. दोन संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते वाचत बसलो होतो.

ही पद्धत १० ऑक्टोबर १९११ रोजी सुरू झाली. त्या काळी सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा राज्याच्या राजकारणावर एवढा पगडा होता की विधिमंडळ तिच्या खिशात आहे असं लोक उघड बोलत. हायरम जॉन्सन हे गव्हर्नर याच रागावर निवडून आले. त्यांनी कायदा सुचवण्याचा, कायदा रोखण्याचा आणि निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा, असे तिन्ही हक्क मतदारांच्या हाती दिले. त्याच दिवशी थोड्याच मतांच्या फरकाने इथल्या स्त्रियांना मतदानाचा हक्कही मिळाला. म्हणजे सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती. बड्या धेंडांना वेसण घालायची होती.

पण लोकांच्या हाती आलेलं हत्यार नेहमी बड्यांवरच चालतं असं नाही.

१९२० साली इथल्या मतदारांपुढे जमिनीचा प्रस्ताव आला. ज्यांना अमेरिकन नागरिक होता येत नाही, त्यांना शेतजमीन विकत घेण्याची बंदी १९१३ पासून होतीच. या प्रस्तावाने ती खंडाने घेण्याची वाटही बंद केली. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. चारातल्या तिघांनी 'हो' म्हटलं. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदुस्थानी माणूसही नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला, आणि तोच कायदा पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांच्या मानेवर बसला. त्यांत शीख जास्त होते, मुसलमानही बरेच होते. इथली वर्तमानपत्रं मात्र सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हणत. कुणी जमीन ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर ठेवली, कुणी इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर. नांगर आपला, कागद दुसऱ्याचा. ज्यांच्या पोटावर हे मतदान झालं, त्यांना स्वतःला मत नव्हतं.

१९४६ साली आपल्या लोकांना नागरिकत्वाची दारं उघडली. पुढच्याच वर्षी पंजाबी आणि पठाण मुसलमानांनी सॅक्रामेंटोत व्ही स्ट्रीटवर मशीद बांधली. आणि १९५६ साली याच राज्याच्या मतदारांनी तो जमिनीचा कायदा मत देऊनच पुसून टाकला. लोक शहाणे होतात, हेही लिहायला हवं. फक्त तोवर ३६ वर्षं गेली होती.

शहाणपण टिकतंच असंही नाही. १९६४ साली प्रस्ताव आला की घरमालकाला कुणालाही घर नाकारण्याची मोकळीक असावी. आदल्याच वर्षी रंगावरून किंवा धर्मावरून घर नाकारायला बंदी घालणारा कायदा झाला होता, तो मोडण्यासाठी ही खटपट होती. जवळजवळ ६५ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. शेवटी न्यायालयांनी तो प्रस्ताव रद्द केला. मुंबईत किंवा पुण्यात नाव सांगितल्यावर ज्याला भाड्याचं घर मिळालेलं नाही, त्याला या ६५ टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

भाईजान विचारतील, मग लोकांना विचारूच नये का? जरूर विचारावं. आपल्या शेजारचा गोवाच बघा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याला विचारलं गेलं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाच्या बाजूने फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली आणि फुलाला १,३८,१७०. आपल्याकडे कित्येकांना तो निकाल लागला, पण त्या मतदानाला एक रीत होती. घर गोव्याचं आणि मतही गोव्याचंच. १९२० साली मात्र लोकांनी दुसऱ्याच्या घराचा निकाल लावला.

हा फरक मनाशी धरून मी मत दिलं. शाळांच्या इमारतींसाठी कर्ज काढायचं का, किमान वेतन तासाला १८ डॉलर करायचं का, हे आपल्या सगळ्यांच्या खिशाचे प्रश्न. तिथे हिशोब केला आणि दोन्हीकडे 'हो' म्हटलं. पण जिथे दुसऱ्या कुणाचा हक्क पणाला लागतो, तिथे मी एकच विचारतो: हाच प्रश्न माझ्याबद्दल असता, तर शेजाऱ्यांनी त्यावर मत द्यावं असं मला वाटलं असतं का?

सहावा प्रस्ताव तुरुंगातल्या सक्तीच्या मजुरीचा होता. राज्यघटनेत गुलामीला बंदी आहे, पण शिक्षा म्हणून सक्तीने राबवून घ्यायला मुभा आहे. ही मुभा काढायची का? मी 'हो' म्हटलं. गुन्ह्याची शिक्षा व्हावीच, पण शिक्षा म्हणजे माणसाला जुंपणं नव्हे. माहितीपुस्तिकेत या प्रस्तावाविरुद्ध एक ओळही कुणी लिहून दिली नव्हती. तरी तो पडला. उघड विरोध करायला कुणी पुढे आलं नाही, पण घरी बसून 'नाही'चं वर्तुळ काळं करणारे निम्म्याहून अधिक निघाले.

आणि तिसरा. २००८ साली ५२ टक्के मतांनी राज्यघटनेत वाक्य घातलं गेलं की विवाह फक्त स्त्री-पुरुषांचाच. पुढे न्यायालयांच्या निकालांनी ते निर्जीव झालं, पण कागदावर राहिलं. उद्या निकाल फिरला तर पुन्हा जिवंत होईल. ते काढायचं का, एवढाच प्रश्न होता. भाईजान, निकाह म्हणजे काय हे मी माझ्या दीनकडून शिकलो. ते या मताने बदललं नाही, आणि मशिदीत कुणाचा निकाह लावायचा हे सरकार सांगायला आलेलं नाही. पण आपल्याकडे व्यक्तिगत कायद्याचा विषय निघाला की आपण म्हणतो, बहुमताच्या जोरावर आमच्या घरात शिरू नका. हे वाक्य फक्त आपल्यासाठी राखून ठेवता येत नाही. आणि आपल्याच घरातली बाई न्याय मागायला उभी राहिली तर तिच्याविरुद्धही ते वापरता येत नाही. ते दुबळ्याच्या बाजूचं वाक्य आहे, आपण ज्या दिवशी दुबळे नसू त्या दिवशीसुद्धा.

तिसरा प्रस्ताव मंजूर झाला. भाईजानना हे सगळं पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: "तिसरा अजून पटला नाही. पण सहावा का पडला, ते पुन्हा एकदा सांग."

रविवारी फोन करणार आहे.