मुलाम्याची मोड आणि येवल्याची जर

आपल्या सोनार ज्ञातीच्या मेळाव्यात तरुण मंडळी एक प्रश्न हटकून विचारतात. मुलाम्याचे दागिने, रोल्डगोल्डचे जुने जिन्नस आणि जुनी जर यांची मोड विकत घ्यावी की घेऊ नये? कोणी म्हणतो, त्यात घबाड आहे; कोणी म्हणतो, ती निव्वळ फसगत. आमचे आयुष्य शाळेत मुले शिकविण्यात गेले. परंतु घरात वडिलांचा भाता होता. तेथे जे पाहिले आणि पुढे वाचनात जे आले, त्यावरून असे वाटते की, या प्रश्नाचे उत्तर आपल्या येवल्याच्या इतिहासातच आहे.

राघोजी नाईकांनी वसविलेले हे गाव रेशमाबरोबरच सोन्याच्या तारेसाठीही प्रसिद्ध होते. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरने या धंद्याची नोंद घेतली आहे. जुन्या रीतीत चांदीची लगड कानशीने खरवडीत, तीवर सोन्याचे पान चढवीत व भट्टीत तापवून ते पक्के बसवीत. मग ती लगड जंतराच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढून तिची केसासारखी तार करीत. ही तार चापट करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळली की कलाबतू सिद्ध होई. लगडीवर चढविलेले सोने तारेबरोबर पातळ होत जाई, पण चांदीला सोडीत नसे. म्हणूनच जुन्या पैठणीचा पदर दोन पिढ्यांनंतरही झळकतो. पुढे जर सुरतेहून येऊ लागली व येवल्यातील तारकशी मागे पडली.

वस्त्र जीर्ण झाले की जर मोडीत जाई. सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन कण वेचणारे झारेकरी सर्वांना ठाऊक आहेत. जरीची मोड हा त्याच जातीचा उद्योग होय. वस्त्र जाळावे, राख आटवावी, चांदीचा गोळा काढावा आणि तो तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, विरघळवावा. चांदी विरघळते, सोने काळपट भुकटीच्या रूपाने तळाशी राहते. तेजाबातील चांदी तांब्याची पट्टी घालून पुन्हा मिळविता येते.

आता हिशेब पाहू. कांचीपुरमच्या साडीसाठी ठरविलेल्या उत्तम जरीत ५७ टक्के चांदी व ०.६ टक्के सोने धरतात; बाकी रेशीम व तांबे. तेच माप धरले तर १०० ग्रॅम जरीत ५७ ग्रॅम चांदी आणि केवळ ०.६ ग्रॅम सोने निघेल. १८७० पूर्वी सोन्याचा भाव चांदीच्या सुमारे साडेपंधरा पट होता; म्हणजे ते सोने सव्वानऊ ग्रॅम चांदीच्या मोलाचे. जर जाळणारा त्या काळी चांदीसाठीच जाळीत असे. पुढे जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, १८९३ साली हिंदुस्थानातील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद झाल्या, आणि चांदी घसरत गेली. सोन्याचा भाव चांदीच्या ८० पट धरला, तर तेच ०.६ ग्रॅम सोने ४८ ग्रॅम चांदीच्या बरोबरीचे ठरते. तात्पर्य, खऱ्या जरीची मोड घेण्याजोगी आहे. पण तिचे मोल अर्धेअधिक मुलाम्याखालच्या चांदीत आहे.

आता दुसरी बाजू. १८४० साली इंग्लंडात एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा चढविण्याचे पेटंट घेतले, आणि सोन्याचा थर हवा तितका पातळ करता येऊ लागला. एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे जेमतेम २ मिलिग्रॅम सोने. ५० चौरस सेंटिमीटरच्या पाटलीवर ०.२ मायक्रॉनचा मुलामा असेल, तर सारे सोने सुमारे २० मिलिग्रॅम भरते. तेवढ्यासाठी खालचे सारे तांबे विरघळवावयाचे म्हटल्यास तेजाबाचाच खर्च डोईजड होतो. 'एक ग्रॅम सोन्याचे' म्हणून विकले जाणारे दागिने प्रायः याच वर्गातले; त्या नावावरून आत ग्रॅमभर सोने आहे असे कोणी समजू नये.

अमेरिकेत 'गोल्ड फिल्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाची गोष्ट निराळी. त्यात सोन्याचा पत्रा हलक्या धातूवर दाबून बसवितात आणि तो वजनाच्या किमान एक-विसांश असावा लागतो. पत्रा १२ कॅरटचा असला तर शुद्ध सोने अडीच टक्के. म्हणजे ४० ग्रॅमला एक ग्रॅम. जुन्या चष्म्याच्या काड्या व घड्याळाच्या डब्या यांवर असा छाप आढळला तर त्या वेगळ्या ठेवाव्यात. मात्र वापराने झिजलेले सोने हिशेबातून वजा करावे.

परीक्षेविना खरेदी केल्याने काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेच्या बाजारात चांदी औंसास ५० डॉलरांच्या जवळ गेली. ती बातमी ऐकून आमच्या नात्यातील एका गृहस्थांनी घरोघरच्या जुन्या पैठण्या वजनावर घेतल्या व आमच्याच अंगणात जाळल्या. त्यांतील काहींची जर खोटी, तांब्याच्या तारेची निघाली. गोळा अपेक्षेच्या निम्म्यानेही भरला नाही. एका पैठणीच्या पदरावर आसावलीची वेल होती. आमच्या मातोश्रींनी तेवढा पदर मागितला. पण वजन कमी होईल म्हणून तो मिळाला नाही. आम्हीही त्या वेळी भाता ओढीत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

म्हणून तरुण बांधवांस आमचे सांगणे असे. कसोटीचा दगड वरचा थर तेवढा सांगतो. मुलाम्याच्या जिनसेस कानस लावल्यावाचून कस घेऊ नये. जरीचा एक धागा ओढून खरवडावा. खाली पांढरी चांदी दिसली तर जर खरी. तांबूस दिसले तर खोटी. आणि ज्योतीवर धरताच वितळून गोळी झाली तर ते प्लॅस्टिक. विजेच्या मुलाम्याची फुटकळ मोड सोन्यासाठी घेऊच नये. तेजाबाचा तपकिरी धूर फुप्फुसांचा घात करतो. ते काम घरात, मुलाबाळांत कदापि करू नये.

आणि शेवटची गोष्ट. अखंड जुनी पैठणी कोणी मोडीस आणली, तर तराजू काढण्यापूर्वी ती उलगडून पाहावी. चांदीसोने पुन्हा बाजारात मिळते. ते विणणारे हात परत येत नाहीत. तसले वस्त्र जतन करणाऱ्याकडे अथवा संग्रहालयाकडे पाठविल्यास विकणाऱ्यासही बहुधा अधिक मोल मिळेल. ज्ञातीच्या हातून पूर्वी जे जळले ते जळले. यापुढे तरी परीक्षा आधी आणि भट्टी नंतर, हा नियम आपण सर्वांनी पाळावा, इतकीच नम्र विनंती.